आठ नंबरचा शर्ट

श्रावण वलथरे पँटला आडवी इस्त्री करतो.

उभी नाही, आडवी. मांडीपासून घोट्यापर्यंत आडव्या घड्या, पेटीच्या भात्यासारख्या. तो बसला की पँट मिटते, उठला की उघडते. कारध्यातल्या निम्म्या गावाच्या पँटी मी शिवल्या आहेत, पण माझ्या हातच्या कापडाची अशी दशा दुसऱ्या कोणी केलेली नाही. बरं, हसणारे त्याला हसत नाहीत. दुकानात येऊन मला विचारतात, "मास्तर, हे नवीन फॅशन तुमचंच काय जी?"

एकदा मी वैतागून त्याला म्हटलं, "श्रावण, एवढी मस्त सरळ क्रीज काढून देतो मी. तू घरी जाऊन तिचा सत्यानाश काहून करतो?"

"जहाजावर कपाट केवढं रायते, मालूम हाय का तुले?" त्याने दोन्ही हातांनी हवेत एक लहानसं खोकं काढून दाखवलं. "त्याच्यात पँट आडवीच बसते. सात घड्या. सात समुद्र."

"मंग तू आता कपाटात रायतो काय?"

"सवय म्हंतात याले, मास्तर," तो म्हणाला आणि सात समुद्र घेऊन निघून गेला.

माझं दुकान घाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आहे. समोर वैनगंगा, पलीकडे भंडारा शहर, डाव्या हाताला जुना बुटका पूल आणि त्याच्यामागे गाड्यांचा नवा उंच पूल. श्रावण इथल्याच ढिवरांच्या घरातला. बाप, आजा, सगळे नदीत जाळी टाकणारे. शाळेत तो माझ्या बाकावर बसायचा. मग एकाएकी नौदलात भरती झाला. गावातल्या कोणीच समुद्र पाहिलेला नव्हता. बाया त्याच्या आईला विचारत, समुद्र म्हणजे पुरातली वैनगंगा काय वो? नोकरी संपवून परत आल्यावर त्याने घाटावरच घर बांधलं. पुढे बायको वारली. एकुलती एक मुलगी कमल, तिला करडीला दिली, धान पिकवणाऱ्या घरात. तेव्हापासून श्रावण एकटा असतो, आणि एकटा असण्यासाठी त्याने माझं दुकान निवडलं आहे.

त्याच्याविषयी गावात एक गोष्ट सांगतात. नातवाला नवा गणवेश मिळाला तो बुढ्याला बघवला नाही, म्हणून जळफळाटात त्याने तो नासवला, अशी. ही गोष्ट खोटी आहे. ती खोटी आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि मी कोणाला सांगितलं नाही. आता माझंही वय झालं. लिहून टाकलेलं बरं. पण त्याआधी हा माणूस काय चीज आहे ते कळायला हवं.

त्याला 'फौजीबाबा' म्हटलेलं खपत नाही. "फौज जमिनीवर रायते," हे तो पोस्टमनला, भाजीवालीला, सरपंचाला एकाच सुरात सांगतो. "मी नाविक होय." गाव आदराने मान हलवतं आणि दुसऱ्या दिवशी विचारतं, "काय म्हंता, फौजीबाबा?"

दुसरं वेड रंगाचं. 'मानूस दिसला पाहिजे' हे त्याचं ठरलेलं वाक्य. संध्याकाळी पुलावरून काळा शर्ट घालून सायकलवर येणाऱ्याला तो हात आडवा करून थांबवतो. गडद लुगड्यातल्या म्हातारीला सांगतो, "मावशी, पांढरं काईतरी घेत जा अंगावर." म्हातारी म्हणते, "मालक जित्ता हाय माया, मी कायले पांढरं घेऊ, मेल्या!" मोहाडीच्या आठवडी बाजारात हल्ली सगळीकडे त्या हिरव्या चट्ट्यापट्ट्यांच्या पँटी मिळतात. स्वस्त, टिकाऊ, मळ न दाखवणाऱ्या. निम्मे ढिवर त्याच घालून डोंग्यात बसतात. श्रावण घाटाच्या पायरीवर उभा राहून ओरडतो, "अबे, मासोळ्या धराले चालले का लपाले चालले? कोनं मंजूर केलं हे?"

हे त्याचं दुसरं वाक्य. जगात जे काही नवं दिसेल त्याला तो हाच प्रश्न विचारतो. भंडाऱ्यात मोमो मिळायला लागले, तेव्हा त्याने गाडीवाल्याला विचारलं होतं, कोनं मंजूर केलं? त्या गरिबाने घाबरून नगरपालिकेचा कागद काढून दाखवला.

पण माझा खरा छळ म्हणजे त्याचा शर्ट. नौदलात कामाच्या वेळी ते लोक फिकट निळा शर्ट आणि गडद निळी पँट घालत. त्याला 'आठ नंबर' म्हणायचे. बाकीचे नंबर कोणते ते मी कधी विचारलं नाही, विचारलं असतं तर सगळे शिवावे लागले असते. दरवर्षी दिवाळीला त्याला नवा आठ नंबरचा शर्ट हवा, आणि रंग मात्र जुना हवा. आकाशी कापड दाखवलं, तर म्हणे शाळेतल्या पोरींचा रंग. त्याहून फिकट दाखवलं, तर म्हणे दवाखान्याची चादर.

"धुऊन धुऊन उडालेला निळा पाहिजे, मास्तर."

"तो धुऊन धुऊनच मिळते. घे हा अन् धू."

"तवरी कोनी पडला त?"

कोण पडणार, कुठे पडणार, कशाला पडणार, काही नाही. मी तेव्हा त्या बोलण्याकडे लक्षही दिलं नाही.

एका वर्षी त्याने जाहीर केलं की रंग दुकानात ठरत नसतो, पाण्यावर ठरतो. मी कापडाचे तुकडे घेऊन पलीकडच्या घाटावर जायचं आणि एकेक तुकडा छातीला लावून उभं राहायचं. तो अलीकडून बघणार. "अन् पसंत-नापसंत तुले झेंड्यानं सांगतो." जहाजांवर म्हणे दोन हातांत दोन झेंडे घेऊन हातवाऱ्यांनी एकमेकांशी बोलतात. झेंडे नव्हते, म्हणून त्याने दोन लाल दुपट्टे घेतले.

मी गेलो. का गेलो, ते आजही सांगता येत नाही. भर दुपारी, जुन्या पुलावरून, काखेत कापडं मारून, या वयात. पलीकडे मी छातीला तुकडा लावून उभा. अलीकडे तो दुपट्टे घेऊन हात कधी वर, कधी आडवे, कधी तिरपे करतो आहे. नव्या पुलावरच्या ट्रका हळू झाल्या. बायांनी धुणं थांबवलं. मला एक अक्षर कळेना. शेवटी मी दोन्ही हात डोक्यावर नेऊन जोरजोरात हलवले, की बाबा, पुरे कर.

परत आलो तर हा गंभीर.

"मालूम हाय का, तू काय बोलला?"

"काय बोललो?"

"जहाज बुडून राहिलं, असं बोलला."

आणि मग नौदलाने कामाचा गणवेश बदलला.

ही बातमी त्याला मोबाइलवरच्या जुन्या नाविकांच्या ग्रुपमध्ये कळली आणि माझ्या दुकानात शांतता म्हणून राहिली नाही. नवा शर्ट निळ्या, करड्या, काळपट चौकटींचा. जणू कोणी न्हाणीच्या फरशा फोडून अंगावर चिकटवल्यात. आत टी-शर्ट, वरून हा शर्ट, तोही पँटीत न खोचलेला. ग्रुपवर देशभरचे म्हातारे. कोकणातला एक म्हणाला, बरं झालं, इस्त्रीची कटकट गेली. पंजाबातल्या एकाचं म्हणणं, आता कुठे पोरं लढाऊ दिसायला लागली. केरळातला एक करवादला, त्या उकाड्यात दोन-दोन कपडे घालून दाखवा आधी. एकाला फक्त एवढंच हवं होतं की टोपी कोणती ते सांगा. हे सगळं श्रावण माझ्या शिलाई मशीनवर फोन ठेवून मोठ्या आवाजात ऐकायचा आणि त्याहून मोठ्या आवाजात आपला निरोप बोलून पाठवायचा, "भाइयों, पानी नीला, कपड़ा नीला, आदमी गिरा तो दिखेगा क्या? किसने मंजूर किया?" त्या निरोपात माझ्या मशीनचा खडखडाटही जायचा. कोणीतरी उलट विचारलं, वलथरे, तू अजून इंजिन रूममध्येच आहेस का?

सकाळी तो निरोप, दुपारी तोच, संध्याकाळी पुन्हा तोच. शेवटी त्या लोकांनी त्याला ग्रुपमधून काढून टाकलं.

"मले काहून काढलं असन, मास्तर?"

"मले माया दुकानातून तुले काढता येत नाही, त्याइले आलं," मी म्हटलं.

तो यावर हसला, ही त्याची एक चांगली गोष्ट. टोमणा कळतो त्याला. फक्त लागू पडत नाही.

कमलचा मुलगा नितेश नौदलात लागला तो श्रावणमुळेच. धावणं, पोहणं, परीक्षेची तयारी, सगळं बुढ्याने करून घेतलं. पोहायला तर त्याने त्याला याच घाटावर शिकवलं. नितेश सुट्टीवर आला तेव्हा करडीला जाण्याआधी कारध्याला उतरला. नवा शर्ट पिशवीत होता. बाजूंनी ढिला होता म्हणून फिटिंगला माझ्याकडे दिला. मागोमाग श्रावण आलाच. त्याने तो शर्ट दोन बोटांत उचलला, मेलेला उंदीर उचलावा तसा.

"कोनं मंजूर केलं हे?"

"लय बरा हाय, आबाजी. तेलाचे डाग दिसत नाही याच्यावर."

"डाग दिसत नाही, त मानूस कसा दिसन?"

"मानूस पाहाले रडार हाय ना."

"रडारले तुया शर्ट दिसते काय बे?"

"अन् खिसे पाहा ना किती हाय. वाळतेबी लवकर. आमचे सारे पोरं खुश हाय. तुमचा आठ नंबर फोटोत चांगला दिसते आबाजी, कामात नाही."

हे शेवटचं त्याने बोलायला नको होतं. श्रावण शर्ट ठेवून घाटाकडे निघून गेला. पोरगा माझ्याकडे बघून हसला. मीही हसलो. खरं सांगायचं तर मला पोराचंच पटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतो तर श्रावण दारात. घरून गडव्यात चहा घेऊन आलेला. एवढ्या वर्षांत त्याने मला पाजलेला तो पहिला चहा. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

"मास्तर, याच्या कॉलरले खालून नारंगी पट्टी लावून दे. बाहेरून दिसाची नाही. पाण्यात पडला, कॉलर उलटी केली, का दिसला पाहिजे."

"सरकारी शर्ट हाय तो. मी फिटिंगच्या वर हात नाही लावत."

"तुले माया शपथ."

"तुई शपथ घेऊन काय करू मी? कारण सांग."

त्याने रस्त्यावर वर-खाली पाहिलं. मग आवाज इतका खाली आणला की तो त्याचाच आहे यावर माझा विश्वास बसेना.

"मी पडलो होतो."

जहाजाच्या मागच्या टोकाशी तो भाजीचा कचरा फेकायला गेला होता. वारा समोरून. हिसका देऊन बादली झोकली, कचरा गेला, बादली गेली, आणि बादलीला धरलेला श्रावणही गेला. बादली त्याच्या नावावर होती म्हणून त्याने ती सोडली नाही. जहाज पुढे निघून गेलं.

"मंग पोहाचं ना. तू त ढिवर होय."

"पोहलो ना. पन कोनीकडे पोहू? नदीत कुठूनबी काठ दिसते, मास्तर. तेथी काठच नाही. आपल्याले काईच दिसत नाही. मंग एकच गोष्ट रायते. आपन कोनाले दिसलो पाहिजे."

जहाजावर पहारा देणाऱ्या एका पोराला मागे लाटांत काहीतरी पांढुरकं दिसलं. त्याला वाटलं, कागद असेल. मग त्या कागदाने बादली उचलून हलवली. धुऊन धुऊन रंग उडालेला आठ नंबरचा शर्ट होता तो. जहाज वळलं, दोर टाकला, याला वर ओढलं.

"मासोळी ओढते तसं ओढलं बे मले. सारे हासून राहिले होते. मले वाटलं, गावात कळलं त बाप कोनत्या तोंडानं घाटावर जाईन? ढिवराचा पोरगा अन् पाण्यातून काढा लागला! कमलच्या मायलेबी नाही सांगितलं कधी. तू कोनाले सांगजो नोको. नितेशले त बिलकुल नाही. त्याले मी पोहनं शिकवलं."

(हे छापण्याआधी मी त्याला विचारलं आहे. त्याने हो म्हटलं, फक्त एक अट घातली, "पडला लिवू नोको. उतरला लिव." मी पडला असंच लिहिलं आहे. इतका छळ सोसल्यावर तेवढा हक्क माझा.)

मी पट्टी लावून दिली. मोहाडीच्या बाजारातून आणलेला नारंगी कापडाचा तुकडा पडून होता, तोच वापरला. नवं, भडक कापड आधी भिजवून रंग सुटतो का ते बघायचं, हे कोणत्याही शिंप्याला सांगावं लागत नाही. नितेश दुपारी शर्ट न्यायला येणार होता. घाई होती. मी भिजवलं नाही.

नुसती पट्टी कोणाला दिसली नसती. रंग सुटला म्हणून दिसली. पहिल्याच धुण्यात कॉलर, अर्धी पाठ आणि सोबत भिजत टाकलेले मित्रांचे पांढरे बनियन नारंगी झाले. तपासणीत साहेबांनी कॉलर उलटून पाहिली. पोराची खरडपट्टी निघाली, जादा ड्यूटी लागली, आणि सोबतच्या पोरांनी त्याचं नाव ठेवलं 'संत्रा'. नागपूरकडचा असल्यामुळे ते फारच पक्कं बसलं.

पट्टी कोणाच्या डोक्यातून आली ते नितेशने ओळखलं आणि आईला फोन केला. कमल करडीहून पहिल्या गाडीने आली. घाटावर, ऐन धुण्याच्या वेळेला, बापासमोर उभी राहिली.

"बाबा, तुमाले नवा ड्रेस पसंत नाही, त पोराच्या नोकरीवर उठले काय? त्यानं काय बिघडवलं तुमचं? सांगा ना! आता काहून गप बसले?"

श्रावण खाली बघत उभा होता. आडव्या घड्यांची पँट, फिकट निळा शर्ट. मी पडलो होतो, एवढं म्हणाला असता तरी पुरे होतं. तो बोलला नाही. मी गळ्यात टेप घालून दुकानाच्या पायरीवर उभा. मलाही म्हणता आलं असतं, बाई, कापड माझं, चूक माझी. मला वाटलं, आता हा माझ्याकडे बघेल. त्याने बघितलं नाही. आणि मला सुटल्यासारखं वाटलं. कमल रडत परत गेली, लोक पांगले, मी आत येऊन कोणाची तरी बाही जोडायला घेतली, ती उलटी जोडली.

गावाला गोष्ट मिळाली. पोरं त्याला ऐकवून म्हणायची, "बाबा, नवा शर्ट घेतला, जरा सांभाळून!" तोही हसायचा. पण नितेशचा फोन बंद झाला.

पूर्वी पोराचा फोन दर रविवारी यायचा. श्रावण तो मुद्दाम माझ्या दुकानात बसून घ्यायचा, गिऱ्हाइकांना ऐकू जावा म्हणून. आताही तो रविवारी यायचा, फोन मशीनवर ठेवायचा आणि बसायचा. बराच वेळ गेला की म्हणायचा, "मास्तर, हा फोन बिघडला वाटते. वाजतच नाही. तू लावून पाय बरं."

मी माझ्या फोनवरून लावायचो. त्याचा वाजायचा.

"मंग बरोबर हाय," म्हणून तो पुन्हा मशीनवर ठेवायचा. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. "लावून पाय बरं."

सुरुवातीला मला संताप यायचा. एकदा म्हटलं, "तूच लाव ना त्याले."

"ड्यूटीवर असन तो," तो म्हणाला. "कामाच्या मानसाले उगाच कायले."

असं वर्षभर चाललं. मधे बातमी आली की नौदलात आता जेवणाच्या ठिकाणी कुर्ता-पायजमाही चालेल. मी खुश झालो. म्हटलं, आता याचा तोफखाना सुरू होईल. मुद्दाम वाचून दाखवली. तो म्हणाला, "बरं."

"अरे, कुर्ता-पायजमा! जहाजावर! कोनं मंजूर केलं, विचार ना."

"केला असन कोनी," तो म्हणाला आणि नदीकडे बघत राहिला. त्या वर्षी दिवाळी आली तरी त्याने आठ नंबरचा शर्ट मागितला नाही. ज्या कटकटीतून सुटावं म्हणून मी इतकी वर्षं देवाला हात जोडले, ती बंद झाली आणि मला दुकानात बसवेना.

दिवाळीनंतरच्या रविवारी तो फोन माझ्या हातात देऊन तोंड धुवायला घाटावर उतरला. मी त्यातून नितेशचा नंबर घेतला आणि माझ्या फोनवरून लावला. सगळं सांगितलं. कापड न भिजवल्याचं आधी सांगितलं, म्हणजे मागे फिरायला जागा उरू नये. मग पडल्याचं.

"बादली?" पलीकडून पोरगा म्हणाला.

"हो."

"सोडली नाही?"

"नाही सोडली."

मागे कसलं तरी यंत्र चालू होतं, त्यामुळे तो हसला की आणखी काही, ते कळलं नाही. "पन ड्रेस नवाच चांगला हाय, मास्तर," एवढं म्हणून त्याने फोन ठेवला.

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच. बाहेरगावी गेलेले सगळे तेव्हा घरी येतात. करडीच्या मंडईच्या आदल्या दिवशी श्रावण माझ्या पायरीवर बसला होता. जुन्या पुलावर भंडाऱ्याच्या बाजूने एक नारंगी ठिपका दिसला. रस्त्याचं काम करणारे लोक घालतात तसलं झगझगीत जाकीट, पट्ट्यांसकट.

"तो कोन होय?" श्रावणने विचारलं.

"रस्तेवाला असन."

"रस्तेवाल्याची चाल नोहे ती." तो उठला. पँट उघडली.

ठिपका पुलाच्या मध्यावर आला. पुलावरचे लोक वळून बघत होते, कुत्री भुंकत होती. आणखी जवळ आल्यावर त्याच्या हातात बादली दिसली. नवी कोरी, प्लास्टिकची, रिकामी. श्रावण बादलीकडे बघत राहिला. मग सावकाश माझ्याकडे वळला.

"मास्तर. तू बोलला."

"बोललो."

"सारंच?"

"कापडाचंबी."

मला वाटलं, आता मरेपर्यंतचा अबोला. पण तेवढ्यात पोरगा समोर येऊन ठेपला. बादली खाली ठेवली, आज्याच्या पाया पडला आणि दोन्ही हात पसरून उभा राहिला.

"दिसलो काय, आबाजी?"

श्रावणने त्याला वरून खाली न्याहाळलं. त्याने जाकिटाची कड बोटात धरून उलटून पाहिली, शिलाई बघितल्यासारखी.

"हा रंग," तो म्हणाला, "कोनं मंजूर केला?"

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत तो दारात हजर. आठ नंबरचं कापड पाहिजे. धुऊन धुऊन उडालेलं. आणि या वेळी आधी भिजवून.

गावात ती जुनी गोष्ट अजून सांगतात. गावाला एकदा पसंत पडलेली गोष्ट सुटत नाही. म्हणून हे लिहिलं.

नितेशची सुट्टी संपली तेव्हा तो कारध्याहून बसला. बस नव्या पुलावरून जाणार म्हणून श्रावणने मला हाताला धरून जुन्या पुलावर नेलं. पुन्हा ते दोन लाल दुपट्टे. मी कपाळाला हात लावला, पण गेलो. बस पुलावर आली तसे त्याचे हात सुरू झाले. वर, आडवे, तिरपे. तिकडे खिडकीतून ते नारंगी जाकीट बाहेर आलं आणि वेड्यासारखं गरागरा फिरायला लागलं.

"काय म्हंते तो?" मी विचारलं.

"म्हंते, जहाज बुडून राहिलं." श्रावण करवादला. "आजकाल काई शिकवतच नाही पोराइले."

"अन् तू काय म्हनला?"

बस पलीकडच्या झाडांत शिरली होती. जाकीटही दिसेनासं झालं. त्याचे हात अजून वरच होते.

"म्हनलं, दिसून राहिला."